फॅक्सची पुसट प्रत : दोष कोठे, उपाय कोणता?

शासकीय पत्राचे मोल त्यातील अक्षरांवर अवलंबून असते. आदेश कितीही विचारपूर्वक काढलेला असो, तो ज्याच्या हाती पडावयाचा त्याला नीट वाचता आला नाही, तर त्याचा हेतू सफल होत नाही. 'मंजूर' या शब्दावरील अनुस्वाराचे टिंब छपाईत उमटले नाही, की तो शब्द 'मजूर' असा वाचला जातो. १ चा ९ झाला, की सर्व्हे क्रमांक बदलतो. २.५ मधील दशांशचिन्ह पुसले गेले, की अडीच हेक्टर जमीन कागदोपत्री पंचवीस हेक्टर होते. अशा चुकीचा भुर्दंड बहुधा यंत्र चालविणाऱ्यावर पडत नाही. तो पडतो कार्यालयात पुन्हा पुन्हा हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्यावर, वेतननिश्चितीची वाट पाहणाऱ्या शिक्षकावर किंवा निवृत्तिवेतनासाठी थांबलेल्या वृद्धावर. म्हणून फॅक्स यंत्रावर येणारी पुसट, रेघाळलेली वा अपुरी प्रत ही केवळ यंत्राची तक्रार समजून सोडून देणे योग्य नव्हे. तिचे कारण शोधणे हा कार्यालयीन कामकाजाचाच एक भाग होय.

ई-मेल व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे फॅक्सचे क्षेत्र आता पुष्कळच आकुंचित झाले आहे. तथापि ते संपलेले नाही. अनेक कार्यालयांच्या पत्रशीर्षावर फॅक्स क्रमांक अजून छापलेला असतो. छपाई, छायांकन व स्कॅनिंग ही तिन्ही कामे करणाऱ्या अनेक यंत्रांत फॅक्सचीही सोय असते. तंत्रज्ञानात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या जपानमध्ये २०२१ साली सरकारी कार्यालयांतील फॅक्स बंद करण्याचे ठरले होते. परंतु खुद्द कार्यालयांकडूनच इतके आक्षेप आले, की तो आग्रह आवरता घ्यावा लागला. शिवाय पुढे वर्णन केलेले बहुतेक दोष छायांकन यंत्रांतही आढळतात. त्यामुळे फॅक्स नसलेल्या शाळांना व ग्रामपंचायतींनाही ही माहिती उपयोगी पडावी.

फॅक्सचे कार्य कसे चालते?

तारेवरून कागदाची प्रतिकृती पाठविण्याची कल्पना दूरध्वनीपेक्षाही जुनी आहे. स्कॉटलंडमधील घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये तिचे एकस्व मिळविले. इटलीचे जिओव्हान्नी कासेली यांच्या यंत्रावर १८६५ मध्ये पॅरिस व लियाँ या शहरांच्या दरम्यान अशी सेवा प्रत्यक्ष सुरू झाली. परंतु कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी बोलू शकेल अशी सुटसुटीत सोय झाली ती १९८० मध्ये. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने 'गट ३' या नावाने ओळखले जाणारे मानक स्वीकारले. आजची कार्यालयीन फॅक्स यंत्रे प्रामुख्याने याच मानकावर चालतात.

फॅक्सचे काम तीन टप्प्यांत होते : वाचन, प्रवास आणि छपाई. पाठविणारे यंत्र प्रथम कागदावर प्रकाश टाकून तो ओळीओळीने वाचते. सुमारे २१५ मिलिमीटर रुंदीच्या प्रत्येक ओळीचे १,७२८ ठिपके पाडले जातात आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदले जाते. ही नोंद संक्षिप्त करून, ध्वनीच्या रूपाने दूरध्वनीच्या तारेवरून पाठविली जाते. पलीकडचे यंत्र तो ध्वनी उलगडून पुन्हा ठिपके तयार करते आणि कागदावर छापते.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या टेबलावर दोष दिसतो, त्याच टेबलावर तो असतो असे नाही. पाठविणाऱ्याच्या काचेवर डाग असेल, तर काळी रेघ उमटते ती घेणाऱ्याच्या कागदावर. पाठविणाऱ्याच्या हाती मूळ स्वच्छ पत्र असते. त्यामुळे आपले यंत्र महिनोन्‌महिने सर्वांची पत्रे बिघडवीत आहे याची त्याला कल्पनाही नसते. उलट घेणारा आपलेच यंत्र बिघडले असे समजून नवा टोनर मागवितो आणि खर्च करूनही रेघ मात्र तशीच राहते. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोषाचे ठिकाण निश्चित करणे अगत्याचे आहे.

दोन कागदांची परीक्षा

त्यासाठी तंत्रज्ञाची गरज नाही. दोन कोरे कागद पुरेसे आहेत.

पहिली परीक्षा छायाप्रतीची. स्वच्छ छापील मजकुराचा एक कागद यंत्राच्या वरच्या भरणीतून घालून 'कॉपी'चे बटण दाबावे. फॅक्स पाठविताना कागद ज्या मार्गाने जातो त्याच मार्गाने ही प्रत काढणे आवश्यक आहे. झाकण उघडून काचेवर कागद ठेवल्यास परीक्षा अपुरी राहते. प्रत स्वच्छ आली, तर त्या यंत्राचे वाचन व छपाई ही दोन्ही अंगे निर्दोष आहेत. अशा वेळी दोष पाठविणाऱ्याच्या यंत्रात किंवा दूरध्वनीच्या मार्गात असतो. तिसऱ्या एखाद्या कार्यालयाकडून एक पान मागवून पाहावे. ते चांगले आले तर पहिल्या पाठविणाऱ्यास कळवावे. सर्वांचीच पाने बिघडून येत असतील तर दूरध्वनीचा मार्ग तपासावा.

दुसरी परीक्षा अहवालाची. पहिली प्रत खराब आली तरच ती करावी. यंत्राच्या यादीतून फॅक्सच्या नोंदींचा किंवा यंत्राच्या मांडणीचा अहवाल छापून घ्यावा. हा मजकूर यंत्राच्या स्मरणातून थेट छापला जातो. वाचनाच्या काचेशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून अहवाल स्वच्छ आणि छायाप्रत मात्र खराब असेल, तर दोष वाचनात आहे. दोन्ही सारखेच खराब असतील, तर दोष छपाईत आहे.

वाचनातील दोष

पानाच्या वरपासून खालपर्यंत जाणारी सरळ काळी रेघ हा सर्वांत नेहमीचा दोष होय. भरणीतून कागद घातला असता वाचणारा भाग स्थिर राहतो व कागद त्यावरून सरकतो. त्यामुळे काचेच्या अरुंद पट्टीवर मोहरीएवढा डाग असला, तरी तो प्रत्येक ओळीत वाचला जातो आणि त्याची अखंड रेघ होते. खाडाखोड झाकण्यासाठी लावलेला पांढरा द्राव न वाळताच कागद यंत्रात घालणे, हे अशा डागाचे नित्याचे कारण असते. डिंक व टाचणीचे ओरखडे यांचाही त्यात वाटा असतो. यंत्र बंद करून, वीजजोड काढून, किंचित ओलसर केलेल्या मऊ सुती कापडाने ती पट्टी पुसावी व कोरड्या कापडाने कोरडी करावी. नखाने किंवा पातीने खरवडू नये. काचेवर ओरखडा पडल्यास रेघ कायमची होते.

अक्षरे उभी ताणल्यासारखी लांबट दिसत असतील, तर वाचताना कागद रोलरवर घसरत आहे असे समजावे. रोलरवर कागदाची धूळ साचली की पकड सुटते. कापड ओलसर करून रोलर फिरवीत पुसला असता हा दोष बहुधा जातो. छपाईच्या वेळी कागद घसरत असेल तर उलट परिणाम होतो. ओळी एकमेकींवर चढतात व अक्षरे दबलेली दिसतात.

शाईच्या रंगाकडेही लक्ष देणे जरूर आहे. जुन्या पुष्कळ यंत्रांत वाचनासाठी हिरवट-पिवळा प्रकाश वापरलेला असतो. अशा प्रकाशात हिरवी शाई कागदासारखीच उजळ दिसते व यंत्र तिला पांढरी समजते. काही वरिष्ठ अधिकारी हिरव्या शाईने सही करतात. ती सही पलीकडे उमटतच नाही आणि 'पत्र स्वाक्षरीविना आले' असा शेरा परत येतो. फिकट निळी शाई व शिसपेन्सिल यांचीही तीच गत होते. लाल शिक्क्याचे याच्या उलट होते : तो काळा होतो आणि त्याखालील मजकूर झाकून टाकतो. फॅक्सने जावयाच्या पत्रावर सही काळ्या शाईने करावी व शिक्का मजकुरावर मारू नये, हा साधा नियम पुष्कळ पत्रव्यवहार वाचवील.

पान अगदीच कोरे पोहोचले, तर बहुधा कागद उलटा घातलेला असतो. मजकूर वर की खाली, याची खूण भरणीजवळ कोरलेली असते. ती पाहून एक चिठ्ठी यंत्रावर चिकटवून ठेवल्यास नवख्या कर्मचाऱ्याचीही चूक होणार नाही.

प्रवासातील दोष

मधल्या काही ओळी गळणे, आडव्या पट्ट्या दिसणे किंवा पान अर्ध्यावर तुटणे ही दूरध्वनी मार्गातील दोषाची लक्षणे होत. मजकूर ध्वनिरूपाने जात असल्यामुळे तारेवरील खरखर मजकुरातच मिसळते. त्याच क्रमांकाचा दुसरा दूरध्वनी मध्येच उचलला गेला, किंवा दुसरा कॉल आल्याची सूचना वाजली, तरी ओळी गळतात. फॅक्सच्या जोडणीवर अशी सूचनेची सोय ठेवू नये. साधा दूरध्वनी लावून एक आकडा फिरवावा व शांततेत खरखर ऐकू येते का ते पाहावे. ऐकू येत असल्यास भिंतीवरील जोड तपासून दूरध्वनी केंद्राकडे तक्रार नोंदवावी. पावसाळ्यात तारांच्या जोडांत पाणी शिरून हा त्रास वाढतो.

बहुतेक नव्या यंत्रांत 'ईसीएम' या नावाची चूकदुरुस्तीची सोय असते. ती चालू असेल तर बिघडलेला भाग घेणारे यंत्र पुन्हा मागून घेते. दोन्ही बाजूंच्या यंत्रांत ही सोय असावी लागते. मार्ग खराब असल्यास पाठविण्याचा वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणावा; पान थोडे उशिरा जाईल, परंतु नीट जाईल. अलीकडे अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबरवरून दूरध्वनी दिला जातो. तेथे आवाजाचे अंकांत रूपांतर होते व त्यात फॅक्सच्या सूक्ष्म ध्वनीची कधी कधी काटछाट होते. जोडणी बदलल्यानंतर लगेच फॅक्स बिघडला असेल, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी वेग कमी करून पाहावा.

छपाईतील दोष

छपाईचे दोष यंत्राच्या जातीनुसार निरनिराळे असतात.

उष्णतेने काळा होणारा गुळगुळीत कागद वापरणाऱ्या जुन्या यंत्रांत पानभर रुंदीची एक तापणारी पट्टी असते. तिच्यावर दर मिलिमीटरला आठ सूक्ष्म तापक असतात. त्यांपैकी एखादा बिघडला अथवा त्यावर मळ बसला, की त्या जागी उभी पांढरी रेघ पडते. पट्टी थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या कापडाने ती हलकेच पुसावी. त्यानंतरही रेघ राहिली तर पट्टी बदलावी लागते. पान पूर्ण कोरे येत असेल तर कागदाची गुंडाळी उलट बसली असण्याचा संभव असतो. कागदावर नखाने रेघ ओढावी. ज्या बाजूला ती काळी उमटते, ती छपाईची बाजू.

शाईची फीत वापरणाऱ्या यंत्रांत फितीला सुरकुती पडली की अक्षरांत तिरक्या पांढऱ्या रेघा येतात. येथे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. वापरलेल्या फितीवर छापलेल्या पत्राचा मजकूर वाचता येईल असा शिल्लक राहतो. गोपनीय पत्रे येणाऱ्या कार्यालयाने ती फीत कचऱ्यात न टाकता नष्ट करावी.

टोनरच्या यंत्रांत सर्व पान फिकट येणे हे बहुधा टोनर संपत आल्याचे लक्षण असते. मात्र टोनर बचतीची सोय चुकून चालू राहिलेली नाही ना, हे आधी पाहावे. तोच ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल तर गोल फिरणाऱ्या भागावर व्रण आहे हे निश्चित. तीस मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर सुमारे ९४ मिलिमीटर होतो. त्यामुळे असा ठिपका एका पानावर साधारण तीन वेळा दिसतो. अंतर पट्टीने मोजून तंत्रज्ञास सांगितले, तर कोणता भाग सदोष आहे हे त्याला येण्यापूर्वीच कळते. बोट फिरवताच अक्षरे पुसली जात असतील, तर टोनर पक्का करणारा भाग पुरेसा तापत नाही. हा भाग अत्यंत उष्ण असतो. त्यास हात लावू नये. ड्रमच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नये व त्यास उजेडात ठेवू नये. टोनर कपड्यावर सांडल्यास थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

गोवा व कोकण या दमट प्रदेशांत जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक कारण संभवते. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो. अशा कागदावर टोनर सारखा चिकटत नाही, मध्येच पुसट चट्टे पडतात आणि कागद अडकण्याचे प्रमाण वाढते. कागदाचे रीम त्याच्या वेष्टनातच ठेवावे, लागतील तेवढीच पाने बाहेर काढावीत आणि शनिवार-रविवारी यंत्राच्या कप्प्यात पाने तशीच ठेवू नयेत.

देवनागरी मजकूर आणि 'फाइन'चे बटण

यंत्र निर्दोष असूनही मराठी पत्र अस्पष्ट येते, अशी तक्रार असते. तिचे कारण लिपीत आहे. साध्या मांडणीत यंत्र उभ्या दिशेने एका मिलिमीटरमध्ये केवळ ३.८५ ओळी वाचते. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला त्यामुळे सात-आठ ओळीच येतात. रोमन लिपीतील अक्षराला त्या कशाबशा पुरतात. देवनागरीत मात्र शिरोरेघेवर मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार असतो. अनुस्वाराचे लहानसे टिंब दोन ओळींच्या मधोमध सापडले, तर ते नाहीसे होऊ शकते. 'फाइन' हे बटण दाबल्यास ओळी दुप्पट, म्हणजे मिलिमीटरला ७.७ होतात. वेळ जास्त लागतो. परंतु मराठी मजकूर, आकड्यांचे तक्ते व नकाशे यांसाठी हे बटण नेहमी वापरावे. टंक मोठा ठेवावा, आणि छायाप्रतीवरून काढलेली छायाप्रत न पाठविता मूळ कागदच पाठवावा.

जुन्या नस्तींतील फॅक्स

एक निकडीची बाब राहते. गुळगुळीत कागदावर पूर्वी आलेले फॅक्स आज अनेक नस्तींत व सेवापुस्तकांत लावलेले आहेत. ती छपाई शाईची नाही. कागदावरील रंगहीन द्रव्ये उष्णतेने एकत्र येऊन काळी होतात, आणि प्रकाश, उष्णता, तेलकट हात व प्लॅस्टिक यांच्या संसर्गाने तो काळेपणा हळूहळू नाहीसा होतो. सुरक्षिततेसाठी पत्र मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालणे हाच त्याच्या नाशाचा मार्ग ठरतो. एखाद्या शिक्षकाच्या नियुक्तीचा वा बदलीचा एकमेव पुरावा असा फॅक्स असेल, तर निवृत्तीच्या वेळी नस्तीत कोरा पिवळसर कागद तेवढा सापडेल.

म्हणून असे कागद शोधून, अक्षरे दिसत आहेत तोवरच, काचेवर ठेवून त्यांची साध्या कागदावर छायाप्रत काढावी आणि मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याचे सक्षम अधिकाऱ्याने त्यावर प्रमाणित करावे. हा कागद टोनरच्या छपाई यंत्रातून जाऊ देऊ नये व त्यास लॅमिनेशन करू नये. उष्णतेने तो संपूर्ण काळा होतो. मजकूर आधीच उडाला असल्यास पाठविणाऱ्या कार्यालयाकडील जावक नोंदीवरून स्थळप्रत मागवावी. हीच दक्षता ग्रामस्थांनीही घ्यावी. रास्त भाव दुकानातील यंत्राची पावती, एटीएमची चिठ्ठी व यंत्रावर छापलेले बसचे तिकीट हे सामान्यतः याच जातीच्या कागदावर असते. जी पावती पुढे पुरावा म्हणून लागणार असेल, तिची छायाप्रत त्याच आठवड्यात काढून ठेवणे हिताचे आहे.

कार्यालयाची जबाबदारी

पाठविल्यानंतर यंत्र जी 'ओके' अशी पोच छापते, तिचा अर्थ पलीकडच्या यंत्राने पान घेतले एवढाच असतो. पान वाचता येते किंवा नाही हे ती पोच सांगत नाही. पलीकडे टोनर संपला असला तरी ती मिळू शकते. म्हणून महत्त्वाच्या आदेशातील रकमा व क्षेत्रफळे अंकांबरोबर अक्षरांतही लिहावीत, एकूण पानांची संख्या पहिल्या पानावर नोंदवावी आणि सर्व्हे क्रमांक, दिनांक व रक्कम दूरध्वनीवरून ताडून घ्यावी. घेणाऱ्या कार्यालयाने पुसट प्रत अंदाजाने वाचून कार्यवाही करू नये. पान पुन्हा मागवावे व पाठविणाऱ्यास दोष कळवावा. पाठविणाऱ्याला तो अन्यथा कळण्याचा मार्गच नाही.

दर सोमवारी एक छायाप्रत व एक अहवाल काढून पाहणे, काच व रोलर पुसणे आणि दिनांकासह त्याची नोंद ठेवणे या कामास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. एवढी दक्षता घेतली, तर एका टिंबाअभावी कोणा नागरिकाचे काम अडून राहणार नाही.